ठकीला काही नको

३ सप्टेंबर, मंगळवार

ठकी पोहोचली. फोन आला तेव्हा माझे हात साबणात होते, म्हणून ह्यांनी घेतला आणि नेहमीसारखं "बरं, बरं" म्हणून ठेवूनही दिला. पोरगी साता समुद्रांपलीकडे गेली आणि बापाच्या तोंडून दोनदा "बरं" निघालं! मी भांडले, तर म्हणतात, "पोहोचले म्हणाली. आणखी काय विचारायचं? विमानाला चाकं किती होती ते?"

मागच्या वर्षीची हिशेबाची वही निम्मी कोरी राहिली होती. पानं वाया कशाला घालवायची, म्हणून तीच घेतली. लिहायची बुद्धी मात्र ठकीने दिली. तिच्या अभ्यासक्रमात तीन गोष्टी आहेत : जपानी भाषा, जपानी साहित्य आणि जपानी धंदा-व्यवहार. साहित्यात म्हणे हजार वर्षांपूर्वीच्या बायकांच्या रोजनिश्या शिकवतात. राजवाड्यातल्या बायका, पण लिहायच्या काय, तर आज पाऊस होता, अमकी माझ्याशी बोलली नाही, उगीचच रडू आलं. "आई, तुला जमेल बघ," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मी मॅट्रिक. राजवाडा कुठून आणू?" तर म्हणते, "रडू येतं ना? मग झालं."

ह्यांना साहित्याशी देणंघेणं नाही. हे फोरमन. कारखान्यात मशिनं बसवायला जपानी मंडळी आली होती, त्यांच्याबरोबर एक दुभाषी मुलगी होती. एवढीशी, पण मालक स्वतः तिच्यासाठी दार उघडून उभे राहायचे. ते ह्यांनी पाहिलं आणि मनाशी ठरवलं की आपली ठकी हेच करणार. ठकीनेही मन लावून परीक्षा दिल्या, शिष्यवृत्ती मिळवली. देवाची कृपा. आज घर फार मोठं वाटतंय. दोन ताटं मांडायची सवय करायला हवी.

१५ सप्टेंबर, रविवार

आज ठकीने फोनवर खोली दाखवली. जमिनीवर गादी, एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीतून सायकलींची रांग दिसते. शेजारच्या खोलीत आपली भाषा बोलणारी एक मुलगी आहे, वर्गही एकच. फार उंच आहे, म्हणून ठकीने तिचं नाव लांबडी ठेवलं आहे. लांबडी मागून ओरडली, "काकू, तुमची मुलगी माझी बिस्किटं चोरते!"

तसं असेलही. ही पोर जन्माची हावरी. मोठ्या माणसाच्या ताटातलं हवं, गाडीत खिडकी हवी, दुसरीच्या डोक्यात दिसली तशी रिबीन हवी. आजही यादी चालूच होती. दुकानात लाल कोट पाहिलाय तो हवा, सायकल हवी, आणि सुट्टीत समुद्र बघायला जायचंय. मी म्हटलं, गरजेपुरतं घ्यावं माणसाने. तर हसत म्हणाली, "आई, मला गरजच कोटाची आहे, आणि तोही लालच!" घेतला तिने शेवटी. शिकवून शिकवून थकले मी.

२ ऑक्टोबर, बुधवार

आजची गंमत लिहिते. ठकीच्या धंदा-व्यवहाराच्या वर्गात एक खोटी कंपनी काढली आहे. कोणी साहेब, कोणी विक्रेता, कोणी गिऱ्हाईक. माल उशिरा पोहोचला असं धरून चालायचं आणि गिऱ्हाइकाची माफी मागायची. कुठला शब्द आधी, कुठला नंतर, कमरेत किती वाकायचं, किती वेळ तसंच राहायचं, सगळं ठरलेलं. बाई पाठीवर हात ठेवून म्हणतात, अजून खाली.

"मला हसू आलं गं," ठकी म्हणाली. "खोटा माल, खोटं गिऱ्हाईक, आणि मी आपली वाकतेय. मग बाईंनी मला एकटीला पुढे उभं केलं. सगळा तास संपेपर्यंत माफी मागायला लावली."

"मग जमलं का?"

"शेवटी हसू बंद झालं."

मला तर हे शिक्षण आवडलं. आजकाल नम्रता शिकवतंय कोण? हे मात्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "माल वेळेवर पाठवायला शिकवा म्हणावं. माफी मागायला लागत नाही."

२० ऑक्टोबर, रविवार

ठकीच्या बोलण्यात फरक पडलाय. आवाज हळू झालाय. मध्ये तोडत नाही, आपलं पुरं होईपर्यंत थांबते. उशिरा फोन केला म्हणून सॉरी, नीट ऐकू येत नाही म्हणून सॉरी, मला शिंक आली तरी सॉरी. मी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारच्या मास्तरीणबाईंना सांगितलं, बघा, परदेशी जाऊन मुली बिघडतात म्हणता ना!

मध्येच तिने विचारलं, "बाबा, मी धंद्याचा भाग सोडून नुसतं साहित्य घेतलं तर चालेल? आता बदलता येतं. नंतर नाही."

हे म्हणाले, "रोजनिश्या वाचायला एवढ्या लांब कशाला? इथे तुझी आई रोज खरडते, ती वाच."

आम्ही खूप हसलो. ठकीही हसली, पण जरा उशिराने. तिकडून आवाज यायला वेळ लागतो.

मग तिने तो विषय काढला नाही. समजूतदार झाली आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचा फोन झाल्यावर मी देवापुढे साखर ठेवली. सांगते का ते.

ठकी एकच वेळ जेवते! मी न सांगता! म्हणाली, "भूकच नसते आई." माझ्या माहेरी वडील उतारवयात एकभुक्त राहायचे, ते पुण्य नातीच्या वाट्याला आलं. खोलीत दिवाही लावत नाही. अंधारात चेहरा नीट दिसेना, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "दिव्याची काय गरज आहे?" इथे असताना प्रत्येक खोलीत दिवा चालू ठेवून फिरायची आणि मी मागून बटणं बंद करत फिरायची! आणि रोज पहाटेच्या आधी जाग येते म्हणे, मग झोप लागत नाही. मी म्हटलं, "अगं, तीच तर देवाची वेळ. उठून बस, नाव घे."

"घेते," म्हणाली.

हावरी ठकी गेली कुठे, असं हे म्हणाले. मी म्हटलं, गेली ती बरंच झालं. पेपर मिटून हे म्हणतात, "गेल्या वेळी तिने माझ्याशी भांडण नाही केलं." म्हणजे ह्यांना आता भांडण हवं! पुरुषांचं काही कळत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

लाल कोट दिला. लांबडीला देऊन टाकला. पुस्तकं वाचनालयात दिली, सायकल खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी दिली. मी विचारलं, "थंडीचं काय?" तर म्हणाली, "बाहेर जातेच कुठे मी?" अभ्यास घरीच बसून करत असेल.

मला वाटलं होतं, आपण आयुष्यभर सांगितलं ते वाऱ्यावर गेलं. नाही गेलं. विरक्ती म्हणतात ती पोथीत वाचली होती, आज पोटच्या पोरीत पाहिली. एवढ्या लहान वयात. माझे डोळे भरून आले.

मास्तरीणबाईंना सांगायला गेले. त्या भाजी निवडत होत्या. ऐकता ऐकता हात थांबला त्यांचा. म्हणाल्या, "बोलताना समोर बघते का हो ती?"

मी म्हटलं, "अंधारात कसं कळणार?"

"तिला एकदा सांगा, दिवा लावून बोल म्हणून."

बाईंचं मला नवल वाटलं. चांगलं झालं की लगेच त्यात खोट काढायची. त्यांच्या मुलाला परदेशात प्रवेश मिळाला नव्हता, ते असेल मनात. मी विषय बदलला आणि उठले.

३ डिसेंबर, मंगळवार

आज ठरलेला वार नसताना ठकीचा फोन. तिला काही नको होतं, काही सांगायचंही नव्हतं. म्हणाली, "आई, लहानपणी तू मला पुष्कळ बोललीस ना, हावरी म्हणून, उधळी म्हणून. ते मी काही मनात ठेवलेलं नाही. तूही ठेवू नकोस."

कोणत्या आईला मुलीच्या तोंडून असं ऐकायला मिळतं? मी रडले. मग म्हणाली, "तू चांगली आई आहेस हं," आणि फोन ठेवला. मी लगेच स्नान करून जपाला बसले.

हे कामावरून आल्यावर सांगितलं. बूट काढता काढता थांबले. "आणखी काय म्हणाली?" मी सांगितलं. "नाही, शब्द काय होते? जसेच्या तसे सांग." पुन्हा सांगितलं. मग एका पायात बूट तसाच ठेवून तिला फोन लावत बसले. लागला नाही. तिकडे रात्र झाली असेल, झोपली असेल, असं मी म्हटलं. जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले.

४ डिसेंबर, बुधवार

लिहितेच. न लिहून करू काय?

सकाळी लांबडीचा फोन आला. आधी रडतच होती. मला वाटलं, हिचंच कोणी गेलं.

"काकू, ठकी तीन आठवडे वर्गात आलेली नाही."

"असं कसं? घरी अभ्यास करते ती."

"नाही करत. भिंतीकडे तोंड करून पडून असते. आंघोळ नाही, जेवण नाही. तुमचा फोन यायचा तेव्हा उठून बसायची."

मी वेडी काय म्हणाले? "अगं, तिचा स्वभाव आता शांत झालाय. तिला कशाचा मोह राहिला नाही."

लांबडी ओरडली माझ्यावर. "काकू, ऐका ना! कोट दिला तेव्हा मला वाटलं, ठेवू आपल्याकडे, थंडी वाढली की परत घेईल. पण काल ती उशी घेऊन आली. म्हणाली, ही पण तुला राहू दे. उशी देऊन टाकल्यावर माणूस झोपणार कशावर, काकू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुठे आहे ती आत्ता?"

"माझ्या खोलीत. रात्रभर मी जागी होते. तिने मला सांगितलंय मनात काय होतं ते. साहित्याच्या बाई आल्या आहेत, युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांना बोलावलंय. एकटी सोडत नाही आम्ही तिला."

"जिवंत आहे ना?" हे मी विचारलं. माझ्या तोंडाने विचारलं.

"आहे, काकू."

मग तिचा आवाज ऐकवला. ठकी फक्त म्हणाली, "सॉरी आई, तुला त्रास झाला." बाजारात माल उशिरा आल्यावर म्हणतात तसं.

दुपारी ही वही काढून मागची पानं वाचली. माझं लेकरू तिकडे एकेक गोष्ट हातातून खाली ठेवत होतं आणि इथे मी पानोपानी खूश. देवापुढे साखर ठेवली होती मी. तिच्या उपाशी राहण्याची साखर.

६ डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टरांनी तिकडच्या दवाखान्यात ठेवलंय. ह्यांच्याशी बोलले, लांबडी मध्ये सांगत होती. थोडी सावरली की घरी न्या, म्हणतात. लांबडी परीक्षा सोडून तिला घेऊन येणार आहे. मी म्हटलं, तुझं वर्ष जाईल गं पोरी. म्हणाली, "जाऊ दे, काकू. मला तरी कुठे माफी मागता येते नीट?"

ह्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी वाट बघतेय. सगळं पाठ करून ठेवलंय, ह्यांनी असं म्हटलं की आपण तसं म्हणायचं. हे बोलतच नाहीत. काल फक्त म्हणाले, "त्या दिवशी मी थट्टा केली. साहित्य घेऊ का विचारलं तेव्हा." आणि उठून गॅलरीत गेले. मी मागे गेले नाही. जायला हवं होतं का? कळलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

आली. दारात लांबडी आधी दिसली, मग तिच्या मागे ठकी. गालाची हाडं वर आली आहेत. मी मिठी मारली तर हात खालीच लोंबत राहिले तिचे. लांबडीने लाल कोट आणला होता, तो तिच्या खांद्यावर टाकला. ठकीने तो काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवतात तसा.

"काय खाशील?"

"काहीही चालेल."

"अगं, पण तुला काय हवं?"

"काही नको, आई. तुम्हाला काय सोपं पडेल ते."

जेवली. जेवढं वाढलं तेवढं जेवली, वाढलं नसतं तर तशीच उठली असती. लांबडी संध्याकाळच्या गाडीने आपल्या घरी गेली. जाताना जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "काकू, गोळ्या तुमच्या हाताने द्या. आणि ती फार चांगली वागायला लागली तर मला लगेच फोन करा."

२१ डिसेंबर, शनिवार

सकाळी उठून बघते तर हे पेचकस घेऊन न्हाणीघराच्या दाराशी. आतली कडी काढत होते. तिच्या खोलीचीही काढून झाली होती. मी विचारलं, "काय झालं कडीला?"

"गंजली होती."

कडी गेल्या वर्षीच बसवली आहे. स्टीलची. स्क्रू खाली पडले ते वेचून त्यांच्या हातात दिले. ह्यांचे हात मशिनवर कधी चळत नाहीत, आज पेचकस सारखा खाचेतून निसटत होता.

मास्तरीणबाई आल्या. मी मान वर करू शकेना. त्यांनी ठकीजवळ बसून तासभर लोकर गुंडाळली. जाताना मला म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीने तिची भांडी वाटून टाकली होती. आम्हीही कौतुक केलं होतं." एवढंच. ही बहीण होती हे मला आजवर माहीत नव्हतं.

२९ डिसेंबर, रविवार

इथले डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत. आजार आहे, म्हणतात, कुणाच्या चुकीने झाला असं धरू नका. बरं बोलतात. पण घरी येऊन मी काय धरायचं आणि काय सोडायचं?

पोथी उघडवत नाही. सुखाची इच्छा सोड, देहाची चिंता सोड, आपपर सोड. पूर्वी वाचताना गार वाटायचं. आता वाटतं, हे माझ्या मुलीला कोणी वाचून दाखवू नये. पाप लागणार असेल तर मला लागो.

आज दुपारी ती आपणहून बोलली. मला वाटलं, काही मागतेय, मी हातातलं टाकून धावले. म्हणाली, "आई, मला परत पाठवू नका."

"नाही गं, कोण पाठवतंय?"

"आणि इथेही ठेवू नका."

मग कुठे गं बाळा? हे मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली. शेजारी बसून तिचे केस विंचरत राहिले. गुंता निघाला तरी ती "आई गं" म्हणत नाही.

५ जानेवारी, रविवार

हे आज बाजारातून हात भरून आले. फळं, मऊ चादर, रंगीत पेन्सिली, एक जपानी पुस्तक. कुठून शोधून आणलं देव जाणे, ह्यांना तर एक अक्षर वाचता येत नाही. सगळं तिच्यासमोर पसरलं लहान मुलासमोर पसरतात तसं. "बघ, काय काय आहे! कुठलं आधी?"

ठकीने प्रत्येक वस्तूला हात लावला. प्रत्येकाला "छान आहे" म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, एवढं कशाला?" माझंच वाक्य. मग ह्यांनी पुस्तक तिच्या उशाशी ठेवलं आणि चादरीची घडी घालू लागले. त्यांना घडी घालता येत नाही.

संध्याकाळी देवापुढे बसले. पुष्कळ दिवसांनी. दिवा लावला, हात जोडले. जन्मभर ह्याच्याकडे समाधान मागितलं, घरात सगळ्यांना थोडक्यात भागवायची बुद्धी मागितली. आज ते मागायची छाती होईना. मग तोंडातून निघालं ते असं : हिला हाव दे. चांगली नको देऊस, साधी दे. दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेईल अशी दे. मला उलटून बोलेल अशी दे. हट्टाने जमिनीवर लोळेल अशी दे. तुला शोभत नसेल तरी दे.

मोठ्याने बोलत होते, माझं मला कळलं नाही. मागे वळले तर ठकी दारात उभी. कधी आली कोण जाणे.

"आई, असं काही मागू नकोस," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ. "मिळालं नाही तर तुला वाईट वाटेल."

मी म्हटलं, "वाटू दे."

ती उभीच राहिली. मी पुन्हा देवाकडे तोंड केलं आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून मागायला लागले.